परगावच्या विद्यार्थ्याच्या पोटाची तजवीज

जून-जुलैच्या सुमारास बार्शीहून, जतहून, चिपळूणहून येणाऱ्या गाड्यांतून जे विद्यार्थी एका हातात गादीची वळकटी आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर उतरतात, त्यांना घरून निघताना वडीलधाऱ्यांनी जो उपदेश केलेला असतो तो अभ्यास, संगत आणि पैसा या तीन विषयांपलीकडे सहसा जात नाही. रात्री साडेदहा वाजता, खाणावळीची फळी पडलेली असताना आणि उद्याच्या तासाची तयारी अर्धी राहिलेली असताना, पोटात जी कासावीस सुरू होते तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढलेला नसतो. वास्तविक विद्यार्थिदशेतील बहुतेक किरकोळ आपत्ती, म्हणजे करपलेले पातेले, अंधारात गेलेली खोली, महिनाअखेरची उसनवारी आणि ऐन परीक्षेत बिघडलेले पोट, या अज्ञानातून वा आळसातून जितक्या उद्भवतात त्याहून अधिक भलत्या वेळी लागलेल्या भुकेतून उद्भवतात. आणि ही भूकही पुष्कळदा अन्नाची नसते, एका विशिष्ट पदार्थाची असते. त्या पदार्थाचे खूळ दडपून टाकण्याच्या भरीस न पडता त्याची वेळ, वार आणि खर्च ठरवून देणे हाच त्यावर इलाज आहे, असे माझे मत आहे.

अन्नाचा प्रश्न क्षुल्लक समजून त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी आपल्याकडील शिक्षणाचा इतिहास थोडा आठवावा. वार लावून किंवा माधुकरी मागून शिकलेल्या पिढीने आठवड्याच्या सात वारांसाठी सात घरे गाठण्यात जी धडपड केली, तीवाचून पुस्तकाचे पहिले पान उघडणेही तिला शक्य झाले नसते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, आणि पुढे जातवार वसतिगृहांची मालिकाच निघाली, ती खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेआधी भाकरीची सोय लागते हे ओळखूनच. साताऱ्यास १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले तेव्हा मुलांच्या धान्यापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने गेले, आणि मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. अशा प्रांतात जन्मून ‘जेवणाचे काय, कुठेही भागते’ असे म्हणणे हे धाडसाचे विधान होय.

आता खाणावळीकडे वळू. बहुतेक खाणावळींत रविवारी दुपारी गोडाचे जेवण असते, ज्यास मुले फीस्ट म्हणतात, आणि त्या रात्री चूल बंद असते. तेव्हा रविवारच्या दुपारी श्रीखंड-पुरी व मसालेभात खाऊन, प्रसन्न चित्ताने तिथल्या तिथे महिन्याचे पैसे मोजणाऱ्याने केवळ सणाचा दिवस पाहिला, संसार पाहिला नाही, असे समजावे. खाणावळीची परीक्षा आडवारी करावी, बुधवारी वा गुरुवारी, आणि तीही रात्री नऊच्या पुढे, शेवटच्या पंगतीच्या वेळी. कारण आठ वाजता दाट असलेले वरण सव्वानऊला कोणत्या स्थितीस पोचते, उशिरा आलेल्यास पोळी गरम मिळते की दुपारची, भाजी संपली असता मालक काही दुसरी तजवीज करतात की लोणच्याची फोड वाढून वेळ मारून नेतात, हे त्याच वेळी कळते. एका वेळेचे पैसे रोख देऊन असे दोन-तीन ठिकाणी जेवावे आणि मगच कोठे तरी महिन्याचे नाव घालावे. ताटांना हात लावून पाहावा; ती ओशट लागली तर स्वयंपाक कितीही रुचकर असो, तेथून काढता पाय घ्यावा. पाण्याचे पिंप कोठे आहे, त्यात पेला कोणत्या हाताने बुडवला जातो, हेही न संकोचता पाहावे.

दुसरी बाब खाड्याची. खाडा म्हणजे ज्या दिवशी जेवावयाचे नाही तो दिवस हिशेबातून वजा होणे, आणि विद्यार्थी व खाणावळवाले यांच्यातील तंट्यांपैकी निम्मे तरी याच कलमावरून होत असावेत. कोठे एका वेळेचा खाडा धरतात, कोठे सलग दोन-तीन दिवस असल्याशिवाय धरत नाहीत, कोठे आदल्या रात्री सांगावे लागते, आणि कोठे दिवाळीच्या सुटीचा खाडा मिळतो पण मधल्या जोडसुट्टीचा मिळत नाही. या अटी पैसे भरण्यापूर्वी विचाराव्यात आणि मालकांकडूनच कार्डाच्या पाठीमागे लिहवून घ्याव्यात. तोंडी ठरलेली गोष्ट महिनाअखेरीस दोघांनाही निरनिराळी आठवते, यात कोणाचीच लबाडी नसते. अनामत घेतली असेल तर तिची पावती घ्यावी आणि ती पुस्तकाच्या पानात न ठेवता दाखले व गुणपत्रिका ठेवतो त्या पिशवीत ठेवावी.

जेथे जाऊन जेवण्यास सवड नाही, उदाहरणार्थ सदाशिव पेठेतील अथवा नवी पेठेतील अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेसाठी दिवसभर बसणाऱ्यांना, तेथे डबा लावावा. डबेवाल्याने आणून दारात ठेवलेला डबा ‘हे प्रकरण संपवून मग उघडू’ म्हणून तसाच ठेवला तर गरम पोळ्यांची वाफ झाकणाला लागून पुन्हा पोळ्यांवरच पडते आणि तासाभराने त्यांचा लगदा होतो. म्हणून जेवावयाचे तासाभराने असले तरी डबा येताक्षणी झाकण सैल करावे. इतक्या साध्या कृतीने डबेवाल्याविषयीच्या निम्म्या तक्रारी तहकूब होतील.

मात्र खाणावळ कितीही चोख असली तरी ती खुळाची भूक भागवू शकत नाही, आणि ती भागवावी अशी अपेक्षाही करू नये. एकाला प्रत्येक घासाबरोबर शेव लागते, दुसऱ्याला भातावर लोणच्याचा नुसता खार हवा असतो, तिसरा रात्री झोपण्यापूर्वी दोन बिस्किटे चहात बुडवल्याशिवाय पाठ टेकत नाही, आणि चौथा परीक्षेच्या काळात फक्त दहीभात खातो व त्याचे शास्त्रीय समर्थनही करतो. यांतील कोणतेही खूळ वाईट नाही. घर सोडून आलेल्या माणसाला परक्या गावात स्वतःचे म्हणता येईल असे फारच थोडे उरते. खोली कॉट बेसिसवर, टेबल घरमालकाचे, वेळापत्रक महाविद्यालयाचे, आणि अशा परिस्थितीत ज्या वस्तूविषयी आपण हट्ट धरू शकतो ती एखाद्या चटणीपुरती का होईना, आपली असते.

त्यातल्या त्यात घरून आणावयाच्या जिनसांची निवड विचारपूर्वक केली तर शहरातील खुळांचा जोर आपोआप ओसरतो. मेतकूट हे या बाबतीत अग्रगण्य होय, कारण ते कोरडे, टिकाऊ व वजनाला हलके असून खाणावळीची भाजी पसंत न पडलेल्या दिवशी गरम भात, तूप आणि मेतकूट एवढ्यावर जेवण निभावते, आणि दह्यात कालवले तर पोळीबरोबरही चालते. सोलापूरकडच्या मुलांनी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी आणावी. ही भाकरी पूर्ण वाळलेली असल्यामुळे दमट हवेपासून जपली तर पुष्कळ दिवस टिकते, आणि रात्री साडेदहाच्या त्या कासाविशीवर चटणी-तेलाबरोबर अर्धी चतकोर पुरे होते. कोकणातून आलेल्यांनी कुळथाचे पीठ आणावे, पण शिजवण्याची परवानगी असेल तरच. पीठ आहे आणि चूल नाही ही अवस्था दुःखदायक असते. राजगिऱ्याचे व दाण्याचे लाडू, भाजके पोहे आणि फुटाणे ही बेगमी सर्वांनाच उपयुक्त आहे.

या जिनसा मोठ्या बरणीत न ठेवता लहान लहान डब्यांतून भराव्यात व एका वेळी एकच उघडावा, म्हणजे ओला चमचा बुडाला तरी नुकसान एका डब्यापुरते राहते. शेंगदाण्याच्या पदार्थांविषयी विशेष सावध असावे. त्यांतील तेल हवेने व उष्णतेने खवट होते, सबब डबा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. आणि पावसाळ्यात चटणीवर बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर खरवडून खालचा खाण्याची काटकसर करू नये, कारण शेंगदाण्यावरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक विष निर्माण करते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कडू वा काळपट दाणाही थुंकून टाकावा, भिडेखातर गिळू नये.

खोलीतील सोबत्यांचा प्रश्न नाजूक असला तरी सोडवता येतो. माझ्या पाहण्यात जी खोली सर्वांत कमी भांडणारी होती तिच्यात असा शिरस्ता होता की घरून आलेला डबा सर्वांदेखत उघडला तर तो त्या रात्रीपुरता समाईक, आणि झाकण लागून कपाटात गेला की खाजगी. कपाटातून न विचारता घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशीचा सर्वांचा चहा पाजावा. या दंडामुळे चोऱ्या थांबल्या नाहीत, परंतु चहाची सोय झाली.

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या पुष्कळ मुलांचा डबा आजही सकाळच्या एस. टी.ने गावाहून येतो, आणि १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सोडणाऱ्यांच्या मनात नसेल इतकी मोठी अन्नदानाची कामगिरी या गाड्यांनी बजावली आहे. अशा डब्यावर कागदाची चिठ्ठी न चिकटवता तैलरंगाने नाव व गाव लिहावे. उन्हाळ्यात त्यात पातळ भाजी, कढी वा आधीच कालवलेला दहीभात पाठवू नये. आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत त्याच दिवशी चढवावा, कारण तो राहिला तर दुसऱ्या दिवशीची भाकरी फडक्यात बांधून येते आणि ती कोणाच्या पिशवीखाली येईल याचा नेम नसतो.

आता शहराच्या मोहांविषयी. पुण्यात शिकून डेक्कनवरील १९३५ सालच्या गुडलक कॅफेचा बन-मस्का, नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळ, ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे किंवा उन्हाळ्यातील मस्तानी यांपासून पूर्ण अलिप्त राहिलेला विद्यार्थी मला भेटला नाही, आणि भेटला तर त्याच्याविषयी मला आदरापेक्षा काळजीच अधिक वाटेल. पण या सर्वांना एकाच आठवड्यात आश्रय देणे कोणाच्याही तिजोरीस झेपणारे नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेस, पैसे हाती येताच, खुळासाठी एक ठराविक रक्कम वेगळी काढावी. मोबाइलवरून पैसे देताना ते गेल्याचे हातास जाणवत नाही, म्हणून ही रक्कम रोख नोटांत व निराळ्या पाकिटात असावी, आणि ती संपली की पुढील महिन्यापर्यंत विषय बंद. वारही ठरवावा. मिसळीसाठी रविवार सकाळ सर्वांना सुचते आणि तीच सर्वांत गैरसोयीची, कारण दहा वाजता मिसळ-पाव खाल्लेल्यास दुपारची फीस्ट जात नाही, रात्री खाणावळ बंद असते, आणि मग भरलेल्या पैशांचे जेवण वाया जाऊन वर हॉटेलचे बिल पडते. मिसळ शनिवारी खावी.

चहाचा हिशेब मात्र कोणीच करत नाही. दहा रुपयांचा एक धरला तरी दिवसाचे पाच म्हणजे महिन्याचे १५०० रुपये होतात, आणि सोबत्यांना पाजलेले निराळे. चहा सोडा असे मी म्हणणार नाही. परंतु जेवणाला लागूनच चहा घेतल्याने धान्य-भाज्यांतील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो, तेव्हा मध्ये तासभर जाऊ द्यावा, आणि पोह्यांवर लिंबू मिळत असेल तर ते अवश्य मागून घ्यावे, कारण लिंबाने त्याच लोहास मदत होते. विद्यार्थिनींनी याकडे अधिक लक्ष पुरवावे. त्यांच्या वसतिगृहांचे दरवाजे रात्री लवकर बंद होतात, म्हणून कोरड्या खाऊची बेगमीही त्यांच्यापाशी मुलांहून जास्त असणे इष्ट.

अपघातांचे प्रकरण येथूनच सुरू होते, कारण बाहेर जाता येत नाही तेव्हा माणूस खोलीत शिजवू लागतो. पाणी तापवण्याच्या विजेच्या किटलीत मॅगी शिजवणे हा वसतिगृहांतील सार्वत्रिक प्रघात असला तरी तो किटलीस मानवत नाही. तिचा आपोआप बंद होणारा खटका वाफेवर चालतो, आणि आतील पदार्थ फेसाळून उतू गेला की तो खटका वेळेवर पडेलच असे नाही, शिवाय तळाशी लागलेला मसाला पुढे महिनाभर चहाला येतो. किटलीत केवळ पाणी उकळावे, ते झाकणाच्या भांड्यातील शेवयांवर ओतावे आणि काही मिनिटे झाकून ठेवावे. शेवया पुरेशा मऊ होतात. दूधही किटलीत तापवू नये, त्याच कारणास्तव.

भिंतीवरील लहान प्लगपॉइंट साधारणतः सहा अँपिअरचा असतो, म्हणजे आपल्याकडील २३० व्होल्टच्या दाबावर सुमारे १४०० वॅटपर्यंतच त्याची मर्यादा; इंडक्शन शेगडी २००० वॅटपर्यंत वीज ओढते. ती जोडपट्टीवर लावणाऱ्यामुळे एका खोलीची भूक भागते आणि मजल्यावरील सर्वांचा अभ्यास थांबतो. अशी उपकरणे मोठ्या, सोळा अँपिअरच्या पॉइंटवरच लावावीत, आणि वसतिगृहाच्या नियमात मनाई असेल तर मुळीच लावू नयेत. पाणी तापवण्याचा रॉड प्लास्टिकच्या बादलीत, आडव्या लाकडी काठीला टांगून, बादलीच्या अंगाला न टेकेल असा सोडावा, खुणेपर्यंत पाण्यात बुडाल्यावरच बटण लावावे, आणि पाणी कोमट झाले का हे पाहण्यासाठी बोट घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढावा. लोखंडी बादलीत रॉड कधीच सोडू नये. थंडीच्या सकाळी झोपेच्या गुंगीत होणारी ही चूक किरकोळ अपघातांच्या यादीत बसत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नमूद केली.

जेथे गॅस आहे तेथे वास आला की दिवा लावू नये, लावलेला विझवूही नये. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात व १९०६ या क्रमांकावर कळवावे. कढईतील तेलाने पेट घेतला तर पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण टाकावे. हात भाजला असता त्यावर टूथपेस्ट, हळद वा बर्फ लावण्याचा आग्रह करणारे दोन तरी सल्लागार खोलीत नक्की निघतात. त्यांस बाजूस सारून नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा आणि सूज येण्यापूर्वी अंगठी, घड्याळ काढून ठेवावे.

सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे रात्रीचा उरलेला भात. सकाळी त्याचा फोडणीचा भात करावा हे अनेकांचे अत्यंत प्रिय खूळ आहे, माझेही आहे; परंतु तांदळातील बॅसिलस सीरियस या जंतूचे बीज शिजवण्याने मरत नाही, भात रात्रभर खोलीच्या उबेत राहिला की ते वाढते, आणि त्याने निर्माण केलेले उलटीचे विष नंतरच्या फोडणीने नष्ट होत नाही. आमच्या आजीने शिळा भात खाऊनच दिवस काढले, असे कोणी म्हणेल. ते खरे असले तरी आजीची परीक्षा सकाळी आठ वाजता नव्हती. भात उरणार हे दिसताच तो परातीत पसरून लवकर निववावा, तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, आणि फ्रिज नसेल तर सकाळच्या फोडणीचा मोह सोडून पोहे करावेत.

इतके करूनही पोट बिघडलेच तर प्रथम पाणी व क्षार भरून काढावेत. औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात संपूर्ण विरघळवावी, अर्धी-अर्धी करू नये. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. शौचातून रक्त, मोठा ताप, न थांबणारी उलटी किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही दिसल्यास सोबत्याला उठवून डॉक्टर गाठावा. मध्यरात्री कोणास त्रास द्यावा हा संकोच अशा वेळी अनाठायी असतो. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे हॉटेल, नवा पदार्थ वा नवी खाणावळ यांचे प्रयोग तहकूब ठेवावेत, आणि पेपरच्या सकाळी नेहमी जे खातो तेच, नेहमीहून थोडे कमी खावे.

वर्षअखेरीस खाणावळ सोडताना मालकांना शेवटच्या दिवशी न सांगता निदान आठवडाभर आधी सांगावे, कार्डावरील खाडे त्यांच्या वहीशी पडताळून घ्यावेत, आणि अनामत रोख मिळत नसून ‘शेवटच्या महिन्यात वळती करू’ असे उत्तर मिळाले तर वाद न घालता ते मान्य करून तितके दिवस जेवून घ्यावे. त्यात फक्त एकच दक्षता घ्यावी, की त्या दिवसांत दोन रविवार येत असतील तर दोन्ही रात्रींच्या जेवणाची सोय आधीच पाहून ठेवावी.